धातूशिवाय, सूर्यप्रकाशात, पाण्यातून हायड्रोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.नंतर काही वर्षं मी एका प्रयोगशाळेत फिकट पिवळ्या पुडीशी झटापट केली. ती पूड पाण्यात घालून वर दिवा लावायचा आणि हायड्रोजन निघतोय का ते मोजायचं, एवढंच काम. आता मी ते करत नाही, पण विषय निघाला की प्रश्न येतातच. नातेवाइकांचे, विद्यार्थ्यांचे, एकदोन शेतकरी मित्रांचे. तेच इथे उत्तरांसकट मांडले आहेत.

आधी सोप्या भाषेत सांगा, हे आहे काय?

पाण्यात हायड्रोजन आहे, हे शाळेतच कळतं. तो सुटा करायचा तर ऊर्जा घालावी लागते. १८ ग्रॅम पाण्यामागे कमीत कमी २३७ किलोज्यूल. ही ऊर्जा विजेने दिली की ते विद्युत अपघटन. बॅटरीच्या तारा मिठाच्या पाण्यात बुडवून आपण सगळ्यांनी ते करून पाहिलेलं असतं. तीच ऊर्जा मध्ये वीज न आणता थेट उन्हातून द्यायची असेल, तर ऊन शोषून घेऊन ते रासायनिक कामाला लावणारा मध्यस्थ हवा. तो मध्यस्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजेच फोटोकॅटॅलिस्ट.

१९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर हे होऊ शकतं असं दाखवलं आणि या विषयाला तोंड फुटलं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. अडचण त्या पांढरेपणातच आहे. पांढरा म्हणजे दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा परतवणारा. त्याला अतिनील किरण लागतात, आणि उन्हाच्या एकूण ऊर्जेत ते जेमतेम ४-५ टक्के.

'धातूरहित' म्हणजे धातू अजिबातच नाही ना?

सगळा घोळ या एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

धातूरहित म्हणतात ते प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाला. तो कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजन, कधी ऑक्सिजन, गंधक, बोरॉन किंवा फॉस्फरस यांचा असतो. पण शोषलेल्या ऊर्जेतून हायड्रोजनचे बुडबुडे काढायच्या शेवटच्या पायरीला बहुतेक प्रयोगांत प्लॅटिनम असतं. पुडीच्या वजनाच्या १ ते ३ टक्के, इतक्या बारीक कणांत की डोळ्यांना पूड फक्त थोडी राखाडी झालेली दिसते. म्हणजे 'धातूरहित उत्प्रेरकाने हायड्रोजन' असा मथळा असलेल्या निबंधात प्रयोगाच्या तपशिलापर्यंत गेलात, की क्लोरोप्लॅटिनिक ॲसिड, म्हणजे प्लॅटिनमचं संयुग, भेटतंच. बिनकांद्याची भजी आहेत, फक्त पिठात कांदा आहे, असा काहीसा प्रकार.

हे कुणी लपवत नाही. ज्या निबंधाने या क्षेत्राला चालना दिली, २००९ सालच्या 'नेचर मटेरियल्स'मधल्या, त्यातही ते सरळ लिहिलं आहे. शिनचेन वांग, मार्कुस अँटोनिएट्टी आणि सहकाऱ्यांचं हे काम. अँटोनिएट्टींची संस्था जर्मनीत पोट्सडामला, वांग चीनमधल्या फुचौ विद्यापीठाचे. प्लॅटिनमशिवायही त्यांना हायड्रोजन मिळाला होता, पण अगदी थोडा, आणि दर घाण्याला वेगळा.

धातू कधीकधी न सांगताही शिरतो. कार्बनी साखळ्यांचे काही पॉलिमर बनवताना पॅलेडियम वापरावं लागतं. कितीही धुतलं तरी त्याचा काही अंश आत अडकून राहतो. २०१८ च्या सुमारास अशा एका पॉलिमरमधलं पॅलेडियम नेटाने काढून टाकून पाहिलं, तर हायड्रोजन जवळपास थांबलाच. पॉलिमर प्रकाश शोषत होता, पण बुडबुडे काढण्याचं काम हा चोरून बसलेला पॅलेडियम करत होता.

म्हणून कुणी 'धातूरहित' म्हटलं की मी विचारतो: प्रकाश शोषणारा धातूरहित, की अख्खी मांडणी धातूरहित? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अख्खी मांडणी धातूरहित असलेली उदाहरणंही आहेत. २०१७ मध्ये ओसाका विद्यापीठात तेत्सुरो माजिमा यांच्या गटाने कार्बन नायट्राइडला काळ्या फॉस्फरसची जोड दिली आणि प्लॅटिनमशिवाय दृश्य प्रकाशात, त्याही पलीकडे अवरक्ताच्या जवळ, हायड्रोजन काढला. पण तिथे पाण्यात मिथेनॉल होतं. त्या मिथेनॉलवर खाली वेगळा प्रश्न आहे.

ती पिवळी पूड कशाची असते?

ग्राफिटिक कार्बन नायट्राइडची. कागदावर तीन कार्बनला चार नायट्रोजन.

आणि ती नवी नाही. जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३४ मध्ये असाच एक पिवळा, कशातच न विरघळणारा पदार्थ मिळवून त्याला 'मेलॉन' नाव दिलं होतं. त्याच कामात मेलाम, मेलेम आणि मेलामाइनही आले. हॉटेलातल्या न फुटणाऱ्या ताटल्यांचं मेलामाइन ते हेच. मेलॉनची रचना मात्र शंभर वर्षं उलगडेना. १९३७ मध्ये लायनस पॉलिंग आणि स्टर्डिव्हंट यांनी तीन षटकोनी कडी एकमेकांना चिकटलेली अशी रचना सुचवली. तिला आज हेप्टाझीन म्हणतात, आणि या पुडीची वीट तीच.

खरं तर आपण भट्टीतून काढतो ती पूड आदर्श कार्बन नायट्राइडपेक्षा लीबिगच्या मेलॉनच्याच जवळची असते. कडांवर हायड्रोजन उरलेला असतो, थर पूर्ण विणलेले नसतात. 'ग्राफिटिक', म्हणजे ग्राफाइटसारखं थरांचं, हे विशेषण जरा उदार मनाने दिलेलं आहे. पण नाव रुळलं.

बनवतात कशी?

मेलामाइन, डायसायनडायअमाइड किंवा युरिया चिनी मातीच्या झाकणाच्या मुशीत भरायचा आणि भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंशांवर काही तास ठेवायचा. बस. संशोधनाच्या जगात इतकी सोपी पाककृती क्वचित मिळते. या पुडीच्या लोकप्रियतेचं निम्मं श्रेय मी तिच्या सोपेपणाला देतो. महागडं यंत्र नसलेल्या कॉलेजातही ती बनते.

सोपी असली तरी नखरे आहेतच. तापताना अमोनिया सुटतो. पहिल्यांदा मी भट्टीची हवा बाहेर सोडणारा पंखा लावायला विसरलो, तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांनी डोळे चोळत माझ्या नावाने शंख केला होता. झाकण सैल असेल तर माल उडून जातो. युरियाच्या बाबतीत तर फारच: १० ग्रॅम युरियाची जेमतेम अर्धा ग्रॅम पूड हाती लागते. मेलामाइन घेतलं तर साधारण निम्मं वजन उरतं. पण युरियाची पूड हलकी, फुललेली, पोह्याच्या चुऱ्यासारखी असते, कारण आतून सुटणाऱ्या वायूंनी ती सच्छिद्र केलेली असते. पृष्ठभाग जास्त, म्हणून काम जास्त. मेलामाइनची पूड मुशीच्या तळाला कडक वडी धरते. ती अगेटच्या खलात घोटताना हात भरून येतात.

आणखी एक गोष्ट या पुडीच्या नावावर खपवली जाते, ती म्हणजे 'फुकट'. कच्चा माल स्वस्त आहे, हे खरं. पण ५५० अंशांची भट्टी विजेवर चालते.

प्रकाश पडल्यावर आत नेमकं काय होतं?

भरलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. सगळ्या सीटा भरलेल्या, हे इलेक्ट्रॉन. निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा धक्का बसला की एक जण उठून उभा राहतो आणि त्याची सीट रिकामी होते. त्या रिकाम्या जागेला आम्ही 'होल' म्हणतो. उभा राहिलेला गडी दारापर्यंत पोचून खाली उतरला, तर त्याच्याकडून हायड्रोजन बनवून घेता येतो. रिकाम्या सीटकडून पाण्यातला ऑक्सिजन काढून घेता येतो.

पण बहुतेक वेळा काय होतं? उठलेला माणूस इकडे-तिकडे बघतो आणि परत त्याच सीटवर बसतो. धक्क्याची ऊर्जा उष्णता किंवा निळसर चमक होऊन वाया जाते. अतिनील दिव्याखाली ही पूड सुंदर निळी चमकते. पाहणारा 'वा' म्हणतो आणि आम्ही कपाळाला हात लावतो, कारण ती चमक म्हणजे परत बसलेले प्रवासी. कार्बनी पदार्थांत ही परत बसायची खोड धातूंच्या ऑक्साइडपेक्षा जास्त, कारण उठलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची सीट एकमेकांना घट्ट ओढून धरतात.

प्लॅटिनमचा कण म्हणजे जवळच उघडलेलं दार. इलेक्ट्रॉन तिथून पटकन उतरतो.

सीटांचा मजला आणि उभं राहण्याचा मजला यांतलं अंतर, म्हणजे बँड गॅप, कार्बन नायट्राइडमध्ये सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. पाणी फोडायला नुसतं १.२३ पुरतं, पण दोन्ही टोकांना थोडी जास्तीची ओढ लागते. शिवाय वरचा मजला हायड्रोजनच्या पातळीच्या वर आणि खालचा ऑक्सिजनच्या पातळीच्या खाली असावा लागतो. या पुडीत दोन्ही जुळतं. २००९ च्या कामाला इतका भाव आला तो यामुळे. २.७ चा अर्थ असा, की साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश, म्हणजे निळ्यापर्यंतचा, ती शोषते. पूड पिवळी दिसते ती त्याचमुळे.

पाण्यात ट्रायइथेनॉलअमाइन किंवा मिथेनॉल का घालतात?

एसटीतल्या रिकाम्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकणारा प्रवासी म्हणून. इलेक्ट्रॉन उठला रे उठला की हे रसायन त्याची जागा पकडतं, म्हणजे त्याला परत बसता येत नाही. बळी जाणारं रसायन म्हणतात त्याला, कारण या भानगडीत ते स्वतः संपतं.

यात एक गोम आहे. ट्रायइथेनॉलअमाइन घातलं की पाण्यातून ऑक्सिजन काढायची अवघड निम्मी पायरी गाळली जाते. पाणी 'फुटत' नाही, त्याचा अर्धा भागच कामाला येतो, आणि ऊर्जेचा मोठा वाटा त्या रसायनाच्या मोडतोडीतून येतो. अगदी साधा हिशेब केला, हायड्रोजनच्या एका रेणूमागे त्याचा एक रेणू, तर १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ७४ किलो ट्रायइथेनॉलअमाइन खर्ची पडेल. तेही बनतं पेट्रोकेमिकल कारखान्यात. कुणी विकत घ्यावा असा हा हायड्रोजन नव्हे.

मग असे प्रयोग करायचेच का? नव्या पदार्थाची हायड्रोजनची बाजू ठीक आहे की नाही, ते लवकर कळावं म्हणून. चाचणी म्हणून रास्त. बातमीत मात्र 'पाण्यापासून इंधन' म्हणून छापणं रास्त नाही.

मग खरंच नुसत्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही निघालेत का?

निघालेत. पण थोडे, आणि दावा तपासणं जिकिरीचं.

ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार होल एकापाठोपाठ एक कामाला यावे लागतात. तेवढ्यात इलेक्ट्रॉन परत येऊन सगळं विस्कटतो. २०१५ मध्ये चीनमधल्या सूचौ विद्यापीठाच्या गटाने कार्बन नायट्राइडमध्ये कार्बनचे सूक्ष्म ठिपके बसवून चार पावलांची वाट दोन-दोन पावलांत मोडली. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड, मग त्याचं विघटन. त्यांनी सौर ऊर्जेपासून हायड्रोजनपर्यंतची कार्यक्षमता २ टक्के सांगितली, धातूशिवाय, बळीच्या रसायनाशिवाय. 'सायन्स'मध्ये छापून आलं तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत चहा थंड होईपर्यंत त्यावर वाद चालला होता. असा आकडा वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या भट्ट्यांतल्या पुडीवर मिळत गेला की मग तो माझ्या लेखी पक्का.

तपासणी का जिकिरीची, ते स्वतःच्या फजितीतून सांगतो. एकदा आम्हाला बळीच्या रसायनाशिवाय ऑक्सिजन दिसला. गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर छोटंसं शिखर. मी गाइडना फोन करायला उठलोच होतो, तेवढ्यात शेजारच्या सिनिअरने पेन्सिलीने पुढच्या शिखराकडे बोट दाखवलं. नायट्रोजन. ऑक्सिजनच्या जवळपास चौपट उंच. हवेत असतं तेच प्रमाण. भांड्याच्या तोंडावरचा रबरी सेप्टम सुया टोचून टोचून चाळणी झाला होता आणि बाहेरची हवा आत शिरत होती. त्या दिवसापासून मी कुणाच्याही ऑक्सिजनच्या आलेखात आधी नायट्रोजन शोधतो.

दोन वायू निघाले म्हणजे त्यांचं प्रमाण २:१ आहे का, ते बघायचं. वेळेबरोबर दोन्ही सारखे वाढतात का, ते बघायचं. आणि शक्य असेल तर जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून ऑक्सिजन पाण्यातलाच आहे का, तेही. हे तीन नसतील तर पान उलटावं.

'२६ टक्के कार्यक्षमता' असं वाचलं. मग हा तर सोलर पॅनलपेक्षा भारी!

नाही. ते दोन वेगवेगळे टक्के आहेत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१४ मध्ये युरियापासून बनवलेल्या पुडीवर २६.५ टक्के मिळाले. त्याचा अर्थ: ४०० नॅनोमीटरच्या एकाच रंगाच्या प्रकाशातले १०० फोटॉन टाकले तर साडेसव्वीस कामाला आले. तेही प्लॅटिनम आणि ट्रायइथेनॉलअमाइन दोन्ही घालून. २००९ मध्ये हाच आकडा ०.१ टक्क्याच्या घरात होता, म्हणजे झेप मोठीच आहे. पण ऊन एका रंगाचं नसतं. उन्हाच्या एकूण ऊर्जेचा साधारण आठवा हिस्साच ४६० नॅनोमीटरच्या आत येतो. त्या पट्ट्यातला एकूण एक फोटॉन कामाला आला, तरी साध्या कार्बन नायट्राइडची सौर कार्यक्षमता ५ टक्क्यांच्या आसपासच अडते. छत असंच ठेवून घर वाढवता येत नाही. पुडीचा रंग गडद करावा लागतो, पिवळ्याकडून नारिंगी-लालकडे. आणि रंग गडद केला की ओढ कमी पडते. गेली पंधरा वर्षं बरीच मंडळी या दोरीवर कसरत करताहेत.

आणखी एक खोडा म्हणजे 'दर ग्रॅममागे दर तासाला इतके मायक्रोमोल' हे माप. दिवा कोणता, किती जवळ, पूड किती, भांडं कसलं, याने ते मनाला येईल तसं बदलतं. पूड निम्मी केली की कित्येकदा दर ग्रॅमचा आकडा आपोआप वर जातो. १०० मायक्रोमोल म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे अडीच मिलीलिटर वायू, औषधाच्या छोट्या ड्रॉपरइतका. आकडे वाचताना तो ड्रॉपर डोळ्यांसमोर ठेवावा.

घरच्या गॅसपुरता हायड्रोजन काढायला किती जागा लागेल?

महाराष्ट्रात चांगल्या दिवशी एका चौरस मीटरवर साधारण ५ युनिट ऊन पडतं असं धरू. कार्यक्षमता १ टक्का असेल तर त्यातलं ०.०५ युनिट हायड्रोजनमध्ये साठेल. १ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. म्हणजे दिवसाला १ किलोसाठी ६६० चौरस मीटर, साधारण साडेसहा गुंठे. घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो एलपीजी म्हणजे उष्णतेच्या मानाने साडेपाच किलो हायड्रोजन. तेव्हा साडेसहा गुंठ्यांवर महिन्याला पाचेक सिलिंडर. पाणी मात्र फार लागत नाही, किलोमागे ९ लिटर.

ऐकायला बरं वाटतं. पण १ टक्का, तोही मोकळ्या उन्हात, वर्षभर, बळीच्या रसायनाशिवाय, ही आज धातूरहित पुडीची खरी कमाई नाही. १० टक्के झाले तर जागा पाऊण गुंठ्याच्याही आत येते, आणि व्यवहारात उतरायला तेवढं हवं असं बहुतेक जाणकार धरतात.

मोठ्या प्रमाणावरचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण जपानचं. काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरवर प्रकाश-उत्प्रेरकाचे तावदानी पत्रे मांडले, काही महिने चालवले आणि वायू पडद्यातून गाळून हायड्रोजन वेगळा केला. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सर्वोच्च कार्यक्षमता ०.७६ टक्के. उत्प्रेरक स्ट्रॉन्शियम टायटॅनेट, म्हणजे धातूवाला. हेच डोमेन २००९ च्या धातूरहित निबंधाच्या लेखकांतही आहेत, हे सहज सांगून ठेवतो.

त्यापेक्षा छतावर पॅनल लावून विजेने पाणी का फोडू नये?

फोडावं की. आज तोच मार्ग पुढे आहे. २० टक्क्यांचं पॅनल आणि ६५ टक्क्यांचा इलेक्ट्रोलायझर धरला तरी हिशेब १३ टक्क्यांवर जातो, आणि दोन्ही वायू वेगवेगळ्या नळ्यांतून बाहेर येतात.

पुडीची बाजू एवढीच, की तिच्यात तारा, इन्व्हर्टर, इलेक्ट्रोलायझर काही नाही. पाणी, पूड आणि वर काच. ती खूप स्वस्त झाली आणि टिकली तर गणित बदलू शकतं. पण एकाच भांड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन २:१ प्रमाणात साठवणं म्हणजे स्फोटक बनवून ठेवणं. हवेतही हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पेट घेतो. वायू वेगळे करायचा खर्च बहुतेक निबंधांत धरलेलाच नसतो.

पुण्याचा या विषयाशी काही संबंध आहे म्हणतात.

आहे, आणि तो सरळ हायड्रोजनमधून आलेला नाही, म्हणून मला जास्त आवडतो.

कार्बन नायट्राइडनंतर धातूरहित पदार्थांत सर्वांत जास्त आशा आहे ती 'कोव्हॅलंट ऑर्गॅनिक फ्रेमवर्क' या घराण्याची, बोलीत कॉफ. सेंद्रिय रेणूंची नियमित भोकांची जाळी. विणकाम आपल्या हातात असल्यामुळे रंग, भोकांचा आकार, ओढ हे सगळं ठरवून घेता येतं. पहिले कॉफ २००५ मध्ये ओमर याघी यांच्या गटाने बनवले. याघींना पुढे २०२५ चं नोबेल मिळालं, पण ते धातूवाल्या जाळ्यांसाठी. त्या पहिल्या कॉफची गंमत अशी की पाणी लागलं की जाळं उसवायचं. पाण्यातून हायड्रोजन काढायला निघालेल्या माणसाला याचा काय उपयोग?

२०१२ मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, राहुल बॅनर्जी यांच्या गटाने यावर तोड काढली. गाठी आधी सुटणाऱ्या ठेवायच्या, म्हणजे जाळं चुकत-माकत नीट बसतं. मग रेणूच आपला अणूंचा क्रम असा बदलतो की गाठ पक्की होते आणि मागे फिरत नाही. उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लातही ही जाळी टिकली. तेव्हा उद्देश हायड्रोजन काढण्याचा नव्हता. पण पुढे जगभरच्या कितीतरी हायड्रोजन-प्रयोगांत याच गाठीचे कॉफ आले. त्यातला एक, २०१८ चा, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातला, आणि त्याचे पहिले लेखक प्रदीप पाचफुले हे पूर्वी एनसीएलच्याच त्या गटात होते.

प्लॅटिनम तिथेही आहे, हे आता तुम्ही न सांगता ओळखलं असेल.

साखर कारखान्याचं सांडपाणी बळीचं रसायन म्हणून वापरलं तर?

हा प्रश्न कोल्हापूरकडच्या एका मित्राचा. कल्पना चुकीची नाही. केंब्रिजमध्ये एर्विन राइसनर यांच्या गटाने २०१९ मध्ये कार्बन नायट्राइड आणि निकेल फॉस्फाइड वापरून टाकाऊ प्लॅस्टिकमधून हायड्रोजन काढून दाखवला. कचराच बळी जाणार असेल तर ७४ किलोच्या हिशेबाची बोच कमी होते.

पण कारखान्याच्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे तिथलं सांडपाणी, बघितला आहे ना? काळपट तपकिरी. तो तपकिरी रंग नेमका निळा प्रकाशच गिळतो, जो पुडीला हवा असतो. पुडीपर्यंत काही पोचायच्या आत वरच्या थरातच अंधार. पातळ करायचं तर पाणी लागणार. त्यापेक्षा स्पेंटवॉशमधून बायोगॅस काढायची पद्धत रुळलेली आहे, तीच बरी.

आमच्याकडे युरिया आहे. घरी करून बघू का?

नको. तापताना अमोनिया सुटतो, आणि उष्णता जास्त झाली तर त्याहून विषारी वायू. स्वयंपाकघरात तर नाहीच.

खताचा युरिया तसाही चालणार नाही. त्याला निंबोळी तेलाचं लेपन असतं. शिवाय शेतीचा अनुदानित युरिया दुसऱ्या कामाला वळवणं हा गुन्हा आहे. आणि एक विरोधाभास सांगतो: युरिया बनतो अमोनियापासून, अमोनिया बनतो हायड्रोजनपासून, आणि तो हायड्रोजन आपल्याकडे बहुतेक नैसर्गिक वायूतून येतो. हरित हायड्रोजनची पूड मुळात वायूच्या हायड्रोजनमधूनच आलेली असते.

सरकारच्या हरित हायड्रोजन मिशनमध्ये हे येतं का?

४ जानेवारी २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना आणि हायड्रोजन बनवणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून, तर संशोधनाला ४०० कोटी. पुडीवाल्यांनी अर्ज करायचे ते या शेवटच्या डब्यात. त्याच वर्षी राज्यानेही ८,५६२ कोटींचं धोरण मंजूर केलं. त्याचा भरही कारखान्यांवरच.

एकदा वापरलेली पूड पुन्हा वापरता येते का?

येते. पाण्यात विरघळत नाही, ऊन-पाण्याला दाद देत नाही. रात्रभर ठेवलं की तळाशी बसते, गाळून वाळवून परत घालायची. तीन-चार फेऱ्यांनंतर हायड्रोजन थोडा कमी होतो. तेव्हा लगेच 'उत्प्रेरक थकला' असं लिहू नये. आधी पूड तोलून बघावी. निम्मी घट फिल्टर पेपरला आणि ढवळणाऱ्या चुंबकाच्या कडेला चिकटलेली सापडते.